शिंपल्याचे नाव आणि आपली पाठचिकित्सा

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला शिंपला साधारणपणे दोन ठिकाणी भेटतो. एक, वेदान्ताच्या चर्चेत. शिंपीवर रुप्याचा भास व्हावा तसा ब्रह्मावर जगाचा भास होतो, हा शुक्तिरजताचा दृष्टान्त संतसाहित्य शिकविताना टाळता येत नाही. दुसरे ठिकाण म्हणजे स्वातीच्या थेंबाचे मोती होण्याचा काव्यसंकेत. पहिल्या ठिकाणी शिंपल्याला महत्त्व येते ते तो रुपे नसल्यामुळे. दुसऱ्या ठिकाणी ते येते त्याच्या पोटात वेगळेच काही असल्यामुळे. शिंपला हा जिवंत प्राणी आहे, त्याला एक पाय आहे, कल्ले आहेत, तो चिखलातून हळूहळू सरकतो, याची दखल आमच्या अध्यापनात कोठेही येत नाही. ज्या वस्तूचा आपण शतकानुशतके चुकीच्या ओळखीचे उदाहरण म्हणून उपयोग करीत आलो, तिची खरी ओळख कशी ठरते, हा प्रश्न आम्हांला येथे विचारायचा आहे. तो प्राणिशास्त्राचा प्रश्न आहे हे उघडच आहे. पण तो मराठी विभागांचाही आहे, असे आमचे प्रतिपादन आहे.

या विचारासाठी गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध हे स्थळ समोर ठेवणे सोयीचे वाटते. एका तलावाभोवती नावांचे इतके थर साचलेले स्थळ विदर्भात विरळाच सापडेल. अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी हा बांध घातला असे परंपरा सांगते. पुढे लोकांनी त्यांना ‘कोलासुर देव’ केले आणि तलावाभोवतीच्या एका शिखरावर त्यांचे ठाणे मांडले. भोवतालच्या सात शिखरांना ‘सात बहिणी’ म्हणतात आणि बांध घालण्याच्या कामी या बहिणींनी साहाय्य केले अशी श्रद्धा आहे. १९७५ साली येथील अरण्याला राष्ट्रीय उद्यानाचे नाव मिळाले आणि २०१३ साली ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. मराठी वाचकाला मात्र हे स्थळ ठाऊक आहे ते मारुती चितमपल्ली यांच्यामुळे. वनाधिकारी म्हणून ते येथे राहिले, येथील पक्षी, मासे, झाडे आणि माणसे यांच्याविषयी त्यांनी लिहिले आणि लोकांच्या तोंडची नावे गोळा केली. ‘काकागार’, ‘सारंगागार’ यांसारखे शब्द मराठीत रुळले ते त्यांच्या लेखणीमुळे. १८ जून २०२५ रोजी सोलापूर येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा मराठीने एक ललित लेखक गमावला, तसाच एक नामकोशकारही गमावला. त्यांनी पक्ष्यांचा कोश केला, माशांचा केला. तलावाच्या तळाशी असलेला शिंपला मात्र अजून आपल्या कोशकाराची वाट पाहतो आहे.

पूर्व विदर्भाच्या तलावांत सापडणाऱ्या मोठ्या शिंपल्यांपैकी भारतात सर्वाधिक परिचित जाती म्हणजे ‘लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस’. शास्त्रीय ग्रंथात हे नाव पूर्ण लिहिले जाते ते असे : लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस (लामार्क, १८१९). साहित्याच्या विद्यार्थ्याने या एका ओळीकडे थोडे थांबून पाहावे. पहिला शब्द प्रजातीचा. त्याचा अर्थ ‘पातळ पट्टीसारखे दात असलेला’. शिंपल्याच्या दोन झडपा जेथे जुळतात तेथील बिजागरीवर लांबट, पातळ उंचवटे असतात, त्यांना उद्देशून तो आहे. दुसरा शब्द जातीचा. त्याचा अर्थ ‘कडेचा’, ‘काठाचा’. कवचाच्या काठाने जाणारा फिकट पट्टा त्यातून सूचित होतो. तिसरा भाग नाव देणाऱ्याचा आणि वर्षाचा. फ्रेंच निसर्गवैज्ञानिक लामार्क यांनी अपृष्ठवंशी प्राण्यांवरील आपल्या बहुखंडी ग्रंथात १८१९ साली हे नाव दिले. त्या ग्रंथाच्या अखेरच्या खंडांच्या वेळी लामार्क यांची दृष्टी गेली होती आणि त्यांची मुलगी मजकूर उतरून घेत असे.

आता उरतो तो कंस. लामार्क यांचे नाव कंसात का? या कंसाला अर्थ आहे. लामार्क यांनी हा शिंपला ‘युनिओ’ या युरोपीय शिंपल्यांच्या प्रजातीत घातला होता आणि त्याचे नाव ‘युनिओ मार्जिनॅलिस’ असे ठेवले होते. पुढे अमेरिकन अभ्यासक सिम्प्सन यांनी १९०० साली गोड्या पाण्यातील शिंपल्यांची जगभरची मांडणी नव्याने केली. भारताकडचे हे शिंपले युरोपातील ‘युनिओ’हून वेगळे आहेत हे ध्यानात घेऊन त्यांनी ‘लॅमेलिडेन्स’ ही प्रजाती उभी केली. जातीचे नाव लामार्क यांचेच राहिले, घर बदलले. प्राणिशास्त्राच्या नियमानुसार मूळ नामकर्त्याची प्रजाती नंतर बदलली असेल, तर त्याचे नाव कंसात लिहितात. म्हणजे दोन चिन्हांत एका मतभेदाचा इतिहास नोंदविला जातो. पहिला अभ्यासक कोण, त्याचे म्हणणे काय होते, ते कोठे दुरुस्त झाले आणि दुरुस्तीनंतरही त्याचे श्रेय कसे राखले गेले, हे सारे त्या कंसात आहे.

याच कुळातील दुसऱ्या एका शिंपल्याची कथा आणखी जुनी आहे. ‘पारेसिया कोरुगाटा’ या सुरकुत्यांच्या कवचाच्या लहान शिंपल्याला डेन्मार्कच्या म्युलर यांनी १७७४ साली नाव दिले, तेव्हा त्याला समुद्री शिंपल्यांच्या ‘मिया’ या प्रजातीत टाकले होते. इंग्रजी वळणाने हा शब्द ‘माया’ असा उच्चारला जातो. शुक्तिरजताचा दृष्टान्त शिकविणाऱ्यांना या योगायोगाची गंमत वाटेल. १८५३ साली कॉनरॅड यांनी ‘पारेसिया’ ही प्रजाती सुचविली आणि हा शिंपला मायेतून बाहेर पडला.

एकाच प्राण्याला दोनदा, चारदा, दहादा नावे का दिली गेली? उत्तर शिंपल्याच्या स्वभावात आहे. वाहत्या पाण्यातला शिंपला आणि साचलेल्या पाण्यातला शिंपला एकाच जातीचा असला, तरी आकाराने, जाडीने, रंगाने निराळा दिसू शकतो. वयाबरोबर कवच बदलते, वरचा थर झिजतो. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाचे प्रकाशक आयझॅक ली यांच्यासारखे संग्राहक जगभरातून आलेली कवचे पाहून नावे देत होते. त्यांनी ज्यांना नावे दिली त्यांपैकी अनेक प्राणी जिवंत असताना त्यांनी पाहिलेच नव्हते. कवच जरा वेगळे दिसले की नवी जाती, असे होत गेले. १९१५ साली प्रेस्टन यांनी ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीच्या मालेत गोड्या पाण्यातील शंखशिंपल्यांचा खंड सिद्ध केला, त्यात ही भर दिसते. त्यानंतर १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेतील अॅनन्डेल आणि बैनी प्रसाद यांनी कवचाच्या आतील प्राण्याचाही विचार करून मांडणी तपासण्यास आरंभ केला. १९८९ साली सुब्बा राव यांची भारतातील गोड्या पाण्यातील मृदुकाय प्राण्यांवरील पुस्तिका आली आणि महाविद्यालयांतील अभ्यासकांच्या हाती एक वापरण्याजोगे साधन पडले. गेल्या काही वर्षांत जनुकीय तपासणीने वर्गीकरणाची दिशाच बदलली. भारत आणि आग्नेय आशियातील हे शिंपले व आफ्रिकेच्या नद्यांतील काही शिंपले एकाच उपकुळात येतात, असे तिने दाखविले आहे. नवेगावच्या गाळातील शिंपल्याचे भाऊबंद युरोपापेक्षा आफ्रिकेत शोधावे लागतात. लामार्क यांना कवचावरून हे दिसणे शक्यच नव्हते.

साहित्याच्या अभ्यासकाला ही हकीकत परकी वाटण्याचे कारण नाही. ग्रंथाच्या अनेक प्रती, त्यांतील पाठभेद, लेखनिकाचे दोष, मागाहून घुसलेल्या ओव्या आणि त्या सगळ्यांतून मूळ संहितेकडे जाण्याचा प्रयत्न, हे आमचे रोजचे काम आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम केले. जातीनामांची चिकित्सा या कामांची सख्खी बहीण आहे. एका जातीला मिळालेली अनेक नावे म्हणजे तिचे पाठभेद. संग्रहालयात जपलेला, नामकर्त्याने प्रत्यक्ष पाहिलेला नमुना म्हणजे मूळ पोथी. लामार्क यांच्या शिंपल्यांचा संग्रह आज जिनिव्हा आणि पॅरिस येथे आहे आणि शंका आली की अभ्यासकाला तेथेच जावे लागते. फरक एवढाच की आम्ही शक्य तितक्या जुन्या पाठाकडे जातो तो आशयासाठी. प्राणिशास्त्रात १७५८ नंतरचे सर्वांत जुने ग्राह्य नाव टिकते, मग ते कितीही अनुरूप वा विशोभित असो, आणि आशय मात्र प्रत्येक पिढीत नव्याने तपासला जातो. शब्द स्थिर आणि अर्थ प्रवाही, अशी ही व्यवस्था आहे.

येथे एक आक्षेप येईल. आमच्या चर्चासत्रांतून तो नेहमी येतो. लॅटिन नावे ही वसाहतवादाची खूण आहे. नवेगावच्या तळ्यातील प्राण्याला पॅरिसच्या माणसाने नाव का द्यावे. ढिवरांच्या, गोंडांच्या शब्दांना बाजूला सारून ही परकी नावे लादली गेली, असे म्हटले जाते. या आक्षेपातील सत्यांश आम्ही नाकारीत नाही. संग्राहकांना कवचे आणून देणाऱ्या स्थानिक माणसाचे नाव त्या नोंदींत क्वचितच आढळते, ही उणीव खरी आहे. पण आक्षेप येथेच थांबवला, तर तो सोयीचा होतो. शास्त्रीय नावाने लोकनामाची जागा घेतली असे म्हणण्यासाठी लोकनाम कोणीतरी नोंदविलेले असावे लागते. ते कोणी नोंदवायचे होते? लामार्क यांनी? की गोंदिया, भंडारा, नागपूर येथील मराठीच्या विभागांनी? परक्या नावावर निबंध लिहिणे सोपे आहे. तळ्याच्या पाळीवर बसून शब्द टिपून घेणे कष्टाचे आहे.

आणि शब्द टिपणे म्हणजे तरी काय? मोल्सवर्थच्या कोशात शिंप, शिंपला, शिंपली अशी रूपे मिळतात. प्राकृतातील ‘सिप्पी’शी त्यांचे नाते जोडले जाते, हिंदीतील ‘सीप’ही त्याच घरची. पण या रूपांतून आकाराचा लहानमोठेपणा कळतो, जात कळत नाही. कोकणात याच्या उलट स्थिती आहे. तिसऱ्या, खुबे, मुळे, कालवे, शिनाणे ही नावे तेथील कोळणीच्या पाटीत वेगवेगळी असतात, कारण त्यांची चव वेगळी, भाव वेगळा, काढण्याची जागाही वेगळी. भाषा जेथे व्यवहार करते तेथे भेद करते. गोड्या पाण्यातील शिंपल्यांचा व्यवहारही एके काळी लहान नव्हता. कवच घासून, भोक पाडून त्याने कैऱ्या सोलणे, तान्ह्या मुलाला शिंपीने दूध वा औषध पाजणे, कवचांचा चुना करणे, हे गावोगावी चालत असे. सोलणी बाजारातून आली आणि शिंप माळ्यावर गेली. वस्तू गेल्यावर तिच्याभोवतीचे शब्द फार काळ राहत नाहीत.

पूर्व विदर्भात या कामाला आणखी एक पदर आहे, तो झाडीबोलीचा. या बोलीत ‘श’ आणि ‘ळ’ हे उच्चार नाहीत. ‘श’च्या जागी ‘स’ आणि ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो. ही गोष्ट ध्यानात न घेता नावे टिपणारा अभ्यासक तळ्याच्या ‘पारी’विषयी ऐकेल आणि पलीकडचा तीर समजून बसेल, बोलणारा मात्र ‘पाळी’विषयी, बांधाविषयी सांगत असेल. बोडी, पाळ, तुडुम ही कोहळ्यांच्या पाटबंधाऱ्याची शब्दसृष्टी अजून जिवंत आहे. तिच्यात शिंपल्याला, गोगलगाईला, पाणवनस्पतीला कोणती नावे आहेत हे ऐकायला प्राणिशास्त्रज्ञाचे कान पुरे पडणार नाहीत. तेथे बोलीचा अभ्यासक लागतो. उलट, बोलीच्या अभ्यासकाने नुसता शब्द आणून दिला आणि तो कोणत्या शिंपल्याचा हे सांगितले नाही, तर तो शब्द अधांतरी राहतो. मूळ पोथी हरवलेल्या पाठासारखी त्याची अवस्था होते.

आमच्या मते विज्ञानाच्या नामपद्धतीकडून मराठी कोशकाराने घ्यायचा धडा हाच आहे. लोकनामालाही कर्ता, स्थळ, वर्ष आणि नमुना हवा. ‘विदर्भात याला अमुक म्हणतात’ ही नोंद नव्हे, ती ऐकीव गोष्ट झाली. कोणत्या गावात, कोणत्या समाजाच्या, किती वयाच्या स्त्रीने वा पुरुषाने, कोणत्या साली, हातात कोणता शिंपला धरून हा शब्द उच्चारला, हे लिहिले तर ती नोंद. तिच्याशेजारी दुसऱ्या गावचा वेगळा शब्द आला, तर तोही पाठभेद म्हणून राहू द्यावा. प्रमाणीकरणाच्या घाईत तो पुसू नये.

हे सारे केवळ कोशाच्या शिस्तीसाठी नाही. शिंपल्याच्या जगण्यामरण्याशी त्याचा संबंध आहे. त्याच्या जीवनक्रमात एक विलक्षण टप्पा असतो. मादी आपल्या कल्ल्यांत पिले वाढविते आणि मग ती सूक्ष्म पिले पाण्यात सोडते. ती एखाद्या माशाच्या कल्ल्याला वा पराला चिकटतात, काही काळ त्याच्या अंगावर राहतात आणि मग गाळात पडून स्वतंत्र आयुष्य सुरू करतात. १७९७ साली राथके या अभ्यासकाने शिंपल्याच्या कल्ल्यांत ही पिले पाहिली आणि तो वेगळाच परजीवी प्राणी आहे असे समजून त्याला ‘ग्लोकिडियम पॅरासिटिकम’ असे नाव दिले. आईच्या अंगावरच्या लेकराला रोग समजण्याचा हा प्रकार होता. नाव चुकले, पण ते नोंदलेले होते, म्हणून चूक सापडली, आणि ‘ग्लोकिडियम’ हा शब्द आज त्या पिलाचेच नाव म्हणून वापरात आहे.

या जीवनक्रमाचा अर्थ असा की योग्य मासा नसेल, तर शिंपला वाढत नाही. तलावांत कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडण्याची पद्धत रूढ झाली, बेशरमीसारखी झुडपे काठाने माजली, मूळच्या पाणवनस्पती हटल्या, तसे मरळीसारख्या स्थानिक माशांचे आसरे कमी झाले. अर्जुनी मोरगाव परिसरातील ढीवर स्त्रिया गेल्या काही वर्षांत तळ्यांतील बेशरम काढून देशी पाणवनस्पती पुन्हा लावीत आहेत. मासे परत यावेत हा त्यांचा उद्देश. शिंपल्याचे काय झाले, हे कोणी विचारीत नाही, कारण शिंपला लिलावात येत नाही. मोठा शिंपला मात्र दिवसाला कित्येक लिटर पाणी गाळून स्वच्छ करीत असतो. शेततळ्यात मोत्यांची शेती करणाऱ्यांना ‘लॅमेलिडेन्स’ हे नाव ठाऊक झाले आहे, भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यसंशोधन संस्थेने ते तंत्र विकसित केले. म्हणजे पुन्हा मोतीच! स्वातीच्या थेंबापासून आपण फार पुढे आलो असे म्हणवत नाही.

वर्गीकरणाचा कस येथे लागतो. ‘लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस’ ही जाती जागतिक यादीत फारशी धोक्यात नाही असे मानले जाते, कारण ती भारतभर आढळते. पण कवचावरून एकच वाटणारी जाती जनुकीय तपासणीत अनेक जातींची निघावी, असे गोड्या पाण्यातील शिंपल्यांच्या बाबतीत अनेकदा घडले आहे. तसे येथे घडले, तर ‘सर्वत्र आढळणारी’ हे विधान कोसळेल. मग एखाद्या खोऱ्यातील, एखाद्या तळ्यातील शिंपला नावाशिवाय संपून जाईल आणि यादीत तो सुखरूपच असेल. चुकीच्या एका नावाखाली दोन जीव दडपले गेले की त्यांतला एक गेल्याचे कळतही नाही. अशा वेळी तळ्यावरच्या म्हाताऱ्या ढिवराने ‘ही वेगळी आणि ती वेगळी’ असे म्हणून दोन शब्द वापरले असतील, तर तो भेद शास्त्रज्ञासाठी पहिला सुगावा ठरू शकतो. तो शब्द कोणी लिहून ठेवला नाही, तर सुगावाही जातो.

कायद्याने यासाठी एक चौकट दिलेली आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार स्थानिक संस्थांच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या असाव्यात आणि त्यांनी लोकजैवविविधता नोंदवही करावी, असे अपेक्षित आहे. त्या नोंदवहीत स्थानिक नावाचा रकाना असतो. हा रकाना भरण्याचे काम कारकुनी नव्हे. ते भाषाशास्त्राचे आणि कोशरचनेचे काम आहे. पदव्युत्तर मराठीच्या विद्यार्थ्यांना बोलीविज्ञान शिकवितो, पाठचिकित्सा शिकवितो, क्षेत्रकार्याचे गुण देतो. मग त्यांचे क्षेत्रकार्य लोकगीतांच्या त्याच त्या संकलनापाशी का थांबावे? प्राणिशास्त्र विभागाचा एक विद्यार्थी आणि मराठी विभागाचा एक विद्यार्थी एकाच तळ्यावर बरोबर जाऊ शकतात. एकाने नमुना ओळखावा, दुसऱ्याने शब्द टिपावा, दोघांनी मिळून नोंद करावी, आणि नोंदीत सांगणाऱ्या माणसाचे श्रेय त्याच्या संमतीने राखावे. लामार्क यांना कंसात का होईना जागा मिळाली आहे. नवेगावच्या ढीवर बाईलाही ती मिळायला हरकत नसावी.

एक शेवटची गोष्ट. गोड्या पाण्यातील शिंपल्यांना जुने युरोपीय अभ्यासक ‘नायड’ म्हणत. नायड म्हणजे ग्रीक पुराणातील जलदेवता. भारतातील शिंपल्यांसाठी बैनी प्रसाद यांनी १९१८ साली ‘इंडोनाइया’ ही प्रजाती सुचविली, तिच्याही नावात त्या जलदेवतेचा प्रतिध्वनी आहे. आपल्याकडे पाण्याच्या काठी साती आसरा असतात, नवेगावला सात बहिणी आहेत. ग्रीकांची जलदेवता शास्त्राच्या नामावलीत गेली, कारण त्या शास्त्राच्या मागे आपले पुराण ठाऊक असलेली माणसे होती. आपल्या आसरा तेथे गेल्या नाहीत, याचे दुःख करण्यापेक्षा त्या ज्या पाण्यात राहतात तेथील प्राण्यांची नावे आपण नीट लिहून ठेवली आहेत का, हे पाहावे. पुढच्या शैक्षणिक वर्षाचे प्रकल्प ठरविताना निदान एका विभागाने एक तळे निवडावे. नवेगाव दूर वाटत असेल, तर आपल्या गावचे.